विझली का?

अल हमराच्या पेंटवाल्याने तीनदा विचारलं,
स्पिरिट कशाला हवंय?
पिठल्याला, मी म्हटलं.
तो हसला नाही.
पावतीवर माझं नाव मात्र नीट लिहिलं.

आता जबल शम्सच्या कड्यापाशी
माउंटन ड्यूच्या डब्याचा तळ कापून केलेली चूल.
वजन घडीच्या रुमालाएवढं.
खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने
तीन टोपणं ओतली, काडी लावली.
काहीच दिसलं नाही.

भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही.
पेटली का, हे हातालाच विचारायचं.
डावी भुवई गेली तेव्हा शिकले.

शेळ्या वळवत हमूद बिन सैफ आला,
म्हातारा, पायात नातवाचे फुटबॉलचे बूट.
आग कुठंय?
मी वर तळवा धरून दाखवला.
त्यानेही धरला, झटकन ओढला,
आणि काहीतरी बोलला, शेळ्यांशीच.

कुळथाचं पीठ सात मिनिटांत शिजतं,
स्पिरिट पुरतं आठ.
वारा आला की हा हिशोब मोडतो.
आला.
केकच्या ट्रेचा आडोसा उचलून दरीत नेला,
चकाकत राहिला बराच वेळ.

हमूद वाऱ्याकडे पाठ करून बसला,
दिश्दाशाचा घोळ पसरून.
मी ओरडले, इतक्या जवळ नको!
तो वीतभर सरकला. तेवढंच.

पिठलं जरा कच्चंच राहिलं.
त्याने दोनदा घेतलं,
बोटं चाटून विचारलं, विझली का?
मला माहीत नव्हतं.
आम्ही दोघांनी
हळूच हात पुढे केले.