दंडाची वही

कुताइसीच्या पाव कारखान्यात
एकोणीस वर्षं दंडाची वही माझ्याकडे होती.
करपलेला पाव : दोन लारी. उशीर : तीन.
उलट उत्तर : साहेबांच्या मर्जीप्रमाणे.
माझं अक्षर सुरेख, म्हणून हे काम माझ्याकडे आलं,
आणि अक्षर सुरेख म्हणूनच बहुधा
मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

जुने साहेब वर, काचेच्या खोलीत बसत.
ते जिना उतरू लागले की
पट्ट्यावरचं बोलणं फुंकर मारल्यासारखं विझायचं.
पुसलेली टेबलं पुन्हा पुसली जायची.
चुका थांबल्या नव्हत्या.
त्या रिकाम्या पोत्यांखाली जात, बॉयलरमागे जात,
कधी एतेरीच्या पिशवीतून
तिच्या डुकरांकडे.

मार्चमध्ये नातेला ग्वाझावा आली.
ठेंगणी, खोकणारी,
पायात नवऱ्याचे असावेत असे बूट.
तिने भाषण केलं. आम्ही मान हलवली,
मान हलवण्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं.
तिने सूचनांची पेटी लावली.
महिन्याने उघडली तर आत चॉकलेटचा कागद
आणि एक चिठ्ठी :
'पेटीची किल्ली कोणाकडे असते?'
ते एवढंसं वाचायला तिला
फार वेळ लागला.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर फक्त चार खिळे होते.

मग ईस्टरच्या आठवड्यात
अकराशे पास्का फुगलेच नाहीत.
विटांसारखे बसले साच्यात.
पहाटे पाचला ती सगळ्यांसमोर उभी राहिली :
"यीस्ट मी बदललं. सिउरीच्या चेहऱ्यावर
मला दिसत होतं की चुकतंय.
मी विचारलं नाही."
मग माझ्याकडे वळून, "वही आण."
मी तिचं नाव लिहिलं. हात जरा थरथरला, अक्षर बिघडलं.
"किती लिहू?"
"दर काय आहे?"
मी पानं उलटली. पुन्हा उलटली.
जिन्यावरच्या माणसाच्या चुकीला
वहीत दरच नव्हता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
बाहेर बेसो सिगारेट ओढत म्हणाला, नाटक आहे,
मेपर्यंत टिकलं तर बघू.

मेमध्ये, ट्रक दारात उभे असताना,
गुरामने लाल बटण दाबलं.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
पट्टा थांबला, आणि त्या शांततेत
आपापला श्वास ऐकू येऊ लागला.
"तिसऱ्या रुळाखाली काहीतरी घासतंय."
"कधीपासून?"
"फेब्रुवारीपासून."
पुढचा प्रश्न आम्हां सगळ्यांना पाठ होता.
आम्ही खांदे आवळून त्याची वाट पाहत होतो,
मग आत्तापर्यंत तोंड शिवलं होतं का?
बातुमीहून मालकाचा फोन वाजत होता.
"दाखव," ती म्हणाली,
आणि त्या मोठ्या बुटांसकट
पिठात गुडघे टेकून बसली.

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
आमचा आड आटलेला नव्हता.
वर शिळा होती,
आणि तिच्या एका कडेला, सुरेख अक्षरात, मी.

वही अजून खणात आहे. कोणी मागत नाही.
पान दोनशे बारा : सिउरी, नऊ लारी, ट्रे उलटले.
ते ट्रे माझ्या कोपराने उलटले होते.
त्या हिवाळ्यात तिच्या मुलाला बूट हवे होते,
हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल दुपारी वही काखेत धरून
मी जिना उतरले.
सिउरी लोण्याचे हात पुसत होती. तिने वर पाहिलं.
पट्टा जोरात चालू होता,
जे बोलायचं ते
ओरडून बोलावं लागणार होतं.