एअर व्हॉल्व्ह

बढतीची ऑर्डर आली त्या सोमवारी
खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल आला.
कुणी टाकला, विचारलं नाही मी.
मंगळवारी तो वाकडा होता,
तेव्हा मात्र विचारलं.

बेलची सवय लागायला तीन दिवस पुरतात.
चौथ्या दिवशी बेल बिघडली
तर हाक मारायलाही उठले नाही,
टेबलावर पेन आपटत राहिले.

पाणीपुरवठा. कार्यकारी अभियंता.
पेठांपासून टेकडीपर्यंत
कुणाच्या मोरीत किती वाजता हंडा वाजेल
ते आता माझ्या सहीखाली.
बाणेरहून नणंदेचा फोन :
"आमच्या सोसायटीला अर्धा तास जास्त, जमेल ना गं?"
मी म्हणाले, "बघते."
'नाही' म्हणता आलं असतं. 'हो'सुद्धा.
पण त्या 'बघते'ची चव
खडीसाखरेसारखी
दिवसभर गालात धरून फिरले.

रात्री श्रीरंगने विचारलं, भाजी कुठली करू?
म्हटलं, "पुटअप करा."
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

सदाशिव पेठेतून पोस्टकार्ड आलं,
निळी शाई, डावीकडे समास सोडलेला :
'आपण नव्याने रुजू झालात असे कळले. अभिनंदन.
आमचा नळ जुनाच आहे.
तो आपणांस ओळखत नाही. कळावे.
मो. य. रिसबूड.'
फाइलला लावा म्हणाले,
मग तासाभराने परत मागवलं.
ड्रॉवरमध्ये आहे.

टेकडीवरच्या वस्तीत तीन दिवस पाणी चढेना.
मी लिहिलं : प्रेशर वाढवा.
वाढवलं. चढेना.
पुन्हा लिहिलं, खाली दोन रेघा मारून.
पाण्याला काही रेघा वाचता येत नाहीत.

शेवटी गेले.
वस्तीच्या तोंडाशी गाडी थांबली
आणि मी बसून राहिले,
ड्रायव्हर वळसा घालून येऊन दार उघडेपर्यंत.
कडी माझ्या हातापासून वीतभर होती.

खंडू मेमाणे, चावीवाला, रिटायर व्हायला पाच महिने.
खांद्यावर त्याच्याहून उंच चावी,
त्यामुळे नमस्कार राहिला.
(राहिला, हे मी टिपलं.)
"प्रेशरचं नाही मॅडम, हवा धरलीय."
आणि चढू लागला.
मीही, साडी सावरत,
उघडी गटारं, वाळत घातलेल्या गोधड्या,
कुणाच्या तरी उंबऱ्यातला गॅस ओलांडत.

हवा कुठे साठते?
थर्ड इयरला पडला होता हा प्रश्न.
लाइनच्या सर्वांत उंच बिंदूवर,
असं लिहून आकृतीसुद्धा काढली होती मी,
बाण दाखवून.

मेमाणेने झाकण सरकवलं, उकिडवा बसला,
पान्याने एकच आटा फिरवला.
फुस्स.
केवढा वेळ चाललं ते!
आधी कोरडं,
मग खोकल्यासारखं,
मग गंजाची पिचकारी त्याच्या शर्टावर,
आणि मग पाणी.

"ओ ताई, सरका की बाजूला!
नळावर उभ्या राहिलाय."
हातात कळशी, कडेवर पोर.
मी थांबले, कुणीतरी तिला सांगेल
मी कोण ते.
ज्युनिअर इंजिनिअरने तोंड उघडलंही असेल,
पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.
मी सरकले.
कळशी भरायला लागली.

उतरताना मेमाणेला विचारलं,
आता परत नाही ना होणार?
"होणार की. दर पंधरवड्याला यावं लागतं.
एकदा काढली म्हणजे गेली, असं नसतंय हवेचं."
तो व्हॉल्व्हबद्दलच बोलत होता.

नणंदेला फोन करून नाही म्हटलं.
ती गणपतीला आली नाही.
टॉवेल घडी घालून कपाटात ठेवला,
शुक्रवारी कुणीतरी धुऊन, इस्त्री करून
पुन्हा खुर्चीवर टाकला होता.
त्याला टेकूनच हे लिहिते आहे.

कॅलेंडरवर दर दुसऱ्या गुरुवारी
पेन्सिलने एक गोल केलाय.
शिपायाने विचारलं, कसली मीटिंग, मॅडम?