राहिलेलं अक्षर

पालथी असली की घंटा,
उताणी केली की घंगाळ.
'केपलिन कोव्ह' नावाच्या युद्धनौकेवर
बेचाळीस सालच्या एका रविवारी
तिच्यात कोमट पाणी ओतलं
आणि खलाशांच्या दोन तान्ह्यांची टाळू
त्या एकाच पाण्यानं भिजवली.
एक पोर टाहो फोडून रडलं. दुसरं
पाद्रीबाबाच्या बटणाकडं टक लावून होतं.
कोणतं कोण, हे सांगणारं
आता कुणी उरलं नाही.

नौदलाचा रिवाज असा, की बाप्तिस्म्याचं नाव
घंटेच्या पोटात कोरायचं.
ते काम इंजिनघरातल्या ऑर्लंडो टककडं.
हात तेलकट, अक्षर वळणदार.
बाहेरून घंटेला राखाडी रंग फासलेला,
कारण त्या वर्षी अटलांटिकवर
चमकणं म्हणजे आपला पत्ता सांगणं.
आतलं पितळ मात्र पिवळंधमक,
आणि टक आपली पाळी संपली की
तिच्या पोटात डोकं खुपसून कोरत बसायचा.
थि ओ डो र
इथवर आला होता.

पुढचं पाणबुडीला ठाऊक.

आपल्या लिपीत हे नाव इथं पुरंही होतं.
थांबा, तर मुलगा.
काना द्या, तर मुलगी.
त्यांच्या लिपीत हा र उघडाच राहतो,
शेवटचं अक्षर आल्याशिवाय
पाळण्यात कोण आहे ते कळत नाही.

एकतीस वर्षांनी शिंपल्यांच्या जाळ्यात
चिखलासकट वर आली.
न्यूफाउंडलंडच्या लिटल हेरॉन गावातल्या
गुत्तेवाल्यानं ती बारवर टांगली.
रात्री अकराला एक टोला:
शेवटचा पेला घ्या आणि चालू लागा.
थिओडोर स्नेलग्रोव्ह, शेवंडं पकडणारा,
चाळीस वर्षं तिच्याखाली बसून प्यायला.
मान वर करून पाहिलं नाही.

गुत्ता बंद पडला, सामान लिलावात निघालं.
यादीत लिहिलं होतं:
पितळी घंटा, एक. आत किरकोळ ओरखडे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली
थिओडोरा ब्लंडन टॉर्च घेऊन आली,
गुडघे धरत स्टुलावर बसली,
मान वाकडी करून आत शिरली.
बाहेर आली तेव्हा कपाळाला हिरवा गंज.
"हे माझं नाव आहे."
मागून स्नेलग्रोव्ह म्हणाला, "माझंही असेल."
"तू रडला होतास का?"
"आई सांगायची, मी हूं का चूं केलं नाही."
"माझीही आई हेच सांगायची."
दोघी आया खोटं बोलल्या असतील,
किंवा दोघींना तेवढंच
आठवायचं होतं.

तिनं पियानो विकला, त्यानं जुनं इंजिन.
टोरांटोच्या एका माणसाला
बागेच्या फाटकासाठी घंटा हवी होती,
तो साठ डॉलरनं हरला.
ठरलं असं: शेवंडांच्या मोसमात तिच्याकडं,
हिवाळाभर त्याच्याकडं.
नेता-आणताना लोलकाला लोकरीचा मोजा बांधायचा,
म्हणजे रस्ताभर बोंब नको.

एक सोनार म्हणाला, शेवटचं अक्षर फुकट कोरून देतो.
"तिचं घाल," स्नेलग्रोव्ह म्हणाला.
"त्याचं घाल," ती म्हणाली.
दोघं आठवडाभर बोलले नाहीत.
सोनार परत गेला.

ऑगस्टमध्ये स्नेलग्रोव्ह गेला,
नावेतच, दोरीचं भेंडोळं मांडीवर.
घंटा तेव्हा तिच्याकडं होती.
सोनाराचा पुन्हा फोन आला,
बाई, आता तर काही अडचण नाही?
तिनं रिसीव्हर खाली ठेवला,
पूर्वी नको त्या माणसांची लाइन तोडायची तसा.

नोव्हेंबरात पहिलं बर्फ धरलं.
तिनं घंटा दाराबाहेर काढली,
लोलकाला मोजा बांधला,
स्नेलग्रोव्हच्या लेकीला निरोप धाडला,
ढकलगाडी घेऊन ये.
लेक चक्रावली. "पण बाबा तर..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"पाळी त्याची आहे."