कासेचा पत्ता

थोराचे वडील सँडे बेटावर टपाल वाटायचे.
पाकिटावर नाव असायचं, घराला क्रमांक नसायचा;
'सीलच्या खडकाकडे पाठ केलेलं घर' एवढं पुरे.
चाळीस वर्षांत एकच पत्र चुकलं म्हणतात.
कुणाचं, ते सांगत नाहीत.

थोरा इस्बिस्टर गाईच्या आतड्याचे काप
काचेवर पसरते.
खिडकीबाहेर वारा. झाड एकही नाही;
ऑर्कनीत गाई टिकतात, झाडं नाहीत.

रक्ताच्या ओघात एक पांढरी पेशी
वेग मोडते, भिंतीला गाल लावून घरंगळते,
थांबते.
या नसेच्या अस्तराला एक कडी आहे,
कातडीच्या नसेला ती नसते.
पेशीच्या अंगावर त्याच कडीचा आकडा.
अडकला, की ती चपटी होऊन
फटीतून आत.

"तिला सांगतं कोण?" म्हातारा विचारतो,
बिस्किट चहात विरघळून बुडतं.
"गवत," थोरा म्हणते, आणि स्वतःच दचकते.
"म्हणजे गवतातलं पिवळं. लोण्यात उतरतं तेच.
आतड्याजवळच्या गाठीत एक फांदीदार पेशी
त्याचं आम्ल करते,
कोवळ्या पेशीला शत्रू दाखवता दाखवता
ते पाजते.
मग ती अंगभर कुठेही हिंडो,
वळते आतड्याकडेच."
"जिथे जेवली, तिथला पत्ता."
"हो. तसंच काहीसं."

कासेचं मात्र जमत नाही.
उंदरांत म्हणे आतड्याच्या पेशी
व्यायलेल्या मादीच्या दुधापर्यंत पोचतात.
थोरानं तीन हिवाळे वाट पाहिली.
तोंडावाटे दिलेली लस आतड्यापाशीच बसून राहिली,
आणि फ्लेकीची कास फेब्रुवारीत दगड झाली.
कासेच्या दाराला ती कडी जेमतेम.
उंदराचा नकाशा गाईनं वाचलेलाच नाही.

म्हातारा बराच वेळ चमच्यानं बिस्किट शोधतो.
"ते पत्र नॉर्थ रोनल्डसीला गेलं," तो म्हणतो.
"तिथेही एक इस्बिस्टर होती.
तिनं फोडलं. वाचलं.
आणि मलाच उत्तर लिहिलं, चिडून."
"मग?"
"मग तू."

रात्री थोरा कासेचा काप पुन्हा भिंगाखाली घेते.
कडेला, दुधाच्या नळीला टेकून
एकच पेशी, आकडा असलेली.
वहीत ती आकडा लिहीत नाही अजून.
दिवा तेवढा वाढवते.