कुळाचा रकाना

नाक पुसलेला कापूस नळीत बुडवून
मी फॉर्म भरत होते:
जिल्हा सोलापूर, गाव बोरामणी,
जनावर शेळी, दोन दाती,
मालक शिवगंगा व्हनमाने.
पुढचा रकाना कुळाचा.
"आडनाव काय ओ त्या रोगाचं?"
सोयरीक जुळवायला बसल्यासारखं तिनं विचारलं.

पॅरामिक्सोव्हिरिडी, मी म्हटलं.
ती हसली नाही. "भावकीत कोण कोण?"

भावकी मोठी आहे, बाई.
पोरांचा गोवर ह्याच घरातला.
कुत्र्याला झटके आणतो तो सख्खा चुलत.
गालगुंड वेगळ्या चुलीचं,
कोंबड्यांची मानमोडी त्याहून लांबची.
आणि बैलांची बुळकांडी,
ती वारली.
अधूनमधून समिती बसते, नावं बदलते.
नवं नाव लागलं तरी
शेळीच्या नाकाचा शेंबूड तसाच वाळतो,
तोंडातल्या फोडांना तसाच वास येतो.

संध्याकाळी घरी,
अशोक चौकामागच्या दोन खोल्यांत,
नायना खाटेवर बसलेले.
त्यांनी चाळीस वर्षं जेकार्डची पानं टोचली.
भोक म्हणजे तार वर.
भोक नाही, तार खाली.
मी सांगत होते: त्याच्याजवळ एकच धागा असतो,
तोही उलटा लिहिलेला. पेशीला वाचता येत नाही.

नायनांनी पायावरची चादर पलटली.
वर पांढऱ्यावर लाल मोर होता,
खाली लालवर पांढरा.
"असं?"
असंच.
"मग सुलट कोण करतं?"
तो आपला विणकर पोटात घेऊनच येतो.
दुसऱ्याच्या घरात उलटं वाचणारा माणूस मिळत नाही,
हे त्याला आधीच ठाऊक.
"शहाणा आहे," नायना म्हणाले.
"आमचा माग भंगारात गेला, तेव्हा विणकर इथंच राहिला."

मग मी सहाचं सांगितलं.
प्रथिनाचा एकेक मणी सहा-सहा अक्षरांवर बसतो,
सगळी लांबी सहाच्या पटीत हवी,
एक अक्षर कमी पडलं की नक्कल उतरत नाही.
त्यांनी बोटांची पेरं मोजली.
"एक तार चुकली की मोराची मान मोडते,
हे मला सांगतेस?"

आणि सगळे विणकर एकाच टोकाकडून निघतात.
प्रत्येक सांध्यापाशी थोडे गळतात.
म्हणून पहिल्या जनुकाच्या नकला ढीगभर,
शेवटच्या मोजक्या.
"शेवटच्या पानावर काय असतं?"
विणकर बनवायची कृती, मी म्हटलं.
नायना काही बोलले नाहीत.
त्यांना खोकला आला,
तो जुना, सुताच्या धुळीचा. कुठल्याही कुळातला नाही.

निकाल आठवड्यानं आला तोवर
तेविसातल्या नऊ गेल्या होत्या.
मी उरलेल्यांच्या चिठ्ठ्या केल्या,
शेजारच्या वाड्यांवरच्या धडधाकट शेळ्या टोचल्या.
बर्फाच्या डब्याला पाणी सुटलेलं,
ऊन हैदराबाद रोडवर आडवं पडलेलं.
एक काळी पाठ मरता मरता उठली होती
आणि शिवगंगाचा पदर चघळत होती.
हिला पुन्हा नाही व्हायचं, मी म्हटलं.
"कशावरनं?"
रक्तानं ओळख ठेवलीय.
"रक्ताला बरं जमतं," ती म्हणाली,
"आमच्या ह्यांना तर काल काय खाल्लं आठवत नाही."

निघताना जीपच्या दाराला हात लावून थांबली.
"बैलांची ती गेली म्हणालात. कुठं गेली?"

जगातून गेली.
दोन-चार ठिकाणी ठेवलीय अजून,
बर्फात, कुलपात.

तिनं काळीच्या तोंडातून पदर सोडवला.
"आणि किल्ली?"

मी रिकाम्या बाटल्या मोजायला घेतल्या.
अठरा भरल्या.
पुन्हा मोजल्या.