बी

माझ्या टाइपरायटरचं बी उमटायचं नाही.
रेमिंग्टन, उंच पाठीचं,
नाशिकरोड कॅम्पातल्या रेकॉर्ड ऑफिसात
खिडकीपासून तिसरं टेबल.
जिथं जिथं इंग्रजी बी, तिथं एक रिकामं घर.
पाच वाजायच्या आत
शाईच्या पेनानं सगळी घरं भरायची:
भिकाजी, बाबुराव, बॅटरी, बॉम्बार्डियर.
बोटांना सवय झाली होती.

आज रंभाजी पुंजा ताजनपुरे माझ्या ओट्यावर बसलेत,
चेहेडीहून दोन रिक्षा बदलून.
पिशवीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद
आणि एक फोटो, ज्यात तोफ अर्धीच आलीय.
रिटायर झाल्यापासून मी असे अर्ज लिहून देते.
पैसे घेत नाही.
चहासुद्धा माझाच.

देवळालीच्या मेळाव्यात म्हणे
सगळ्यांच्या कोटांवर फिती, चकत्या,
यांच्या खिशाला नुसतं पेन.
एका सुभेदारानं विचारलं,
"तुम्ही काय, कँटीनला होता का?"

एकाहत्तरचा डिसेंबर. शकरगडच्या बाजूला
पंचवीस पौंडी तोफेला रात्र रात्र गोळे पुरवले,
डावा कान तिकडंच राहिला.
आणि बुकात, पदकांच्या रकान्यात,
एक आडवी रेघ.
पश्चिमी स्टार नाही. संग्राम मेडल नाही.
"मेडलाचं जाऊ द्या," ते म्हणतात,
"वळ तेवढी घाला. मी तिथं व्हतो, येवढंच."

माहितीच्या अधिकारात मिळालेली झेरॉक्स
मी चष्म्याजवळ नेते.
पार्ट टू ऑर्डर, जुलै चौऱ्याहत्तर,
सत्तेचाळीस नावं. एकेचाळिसावं:
राम, मग एक मोकळं घर, मग हाजी.

या नावाचा गनर कधी भरतीच झाला नव्हता.
त्याला दोन पदकं लागली
आणि ती घ्यायला तो आला नाही.

खाली कोपऱ्यात, टाइप करणारीची अक्षरं:
एस. के.
सिंधू काठे.

तारीख पुन्हा वाचते.
त्या दिवशी मी साडेतीनलाच सुट्टी मागितली होती.
काठे गल्लीत पाहुणे यायचे होते, मला बघायला.
पेनाचं टोपण उघडलंच नाही.

"तुमचं अक्षर मी खाल्लं," मी म्हणते.
"आँ?"
"मी! ते मी टाइप केलं होतं!"
"आँ?"
अशी कबुली हळू आवाजात द्यायची असते.
मला ती ओरडून द्यावी लागते,
साडेतीनची सुट्टी, पाहुणे, सगळ्यासकट.
समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई
चिमटा तोंडात धरून थांबते.

ते कागदाकडं बघतात. बराच वेळ.
चहावरची साय बोटानं काढून
बशीच्या काठाला पुसतात.
"मंग? जमलं का?"
"काय?"
"पाव्हन्यांचं."
"नाही."
"हां," ते म्हणतात,
"म्हंजी दोघांचंबी राहिलं."

अर्जात चुकीच्या कारणापुढं मी लिहिते:
टंकलेखिकेनं अक्षर भरलं नाही.
साक्षीदार म्हणून माझं नाव, पत्ता, फोन.
कार्यालय वर्षभर लावेल,
कदाचित उलट एक फॉर्म पाठवेल.

रेंजवर फायरिंग सुरू होतं.
ओट्यावरच्या बशा किणकिणतात.
ते उजवा कान देवळालीकडं करतात, बोटं मोडून
काहीतरी मोजतात,
मग पेन मागतात.

सही करताना रंभाजी
भ सावकाश काढतात
आणि त्याला गाठ मारतात,
पोत्याचं तोंड बांधावं तशी.