नमुना क्रमांक चौदा

उदगीरच्या कत्तलखान्यामागं
नाला आधी लाल वाहतो, मग तपकिरी, मग
नाव नसलेला एक रंग.
तिथली चमचाभर काळी माती मी बाटलीत भरते,
वर लिहिते: चौदा. सकाळचे सहा दहा.
ओढणी नाकावर. गफूरचाचा हसतात,
"नाक कू आदत होती, बेटी.
मिट्टी कू तो कब की हो गई."

कुठं जाते ते घरी सांगितलेलं नाही.
आजानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं,
दोर चुलीत घातला.
त्या जाळावर काय शिजलं, आई सांगत नाही.
आणि मी त्याची नात, एमएस्सी दुसरं वर्ष,
स्कूटीच्या डिकीत बर्फ आणि बारा बाटल्या.

काचेच्या बशीत दुधाचं आगर, पांढरंफेक.
त्यावर चौदाचा एक थेंब.
बाहेर त्रेचाळीस, पेटीत सदतीस;
लाइट गेली की दोन्ही सारखंच.
दुसऱ्या दिवशी ठिपके,
ठिपक्यांभोवती दूध संपलेलं,
आरपार काच, खालचं टेबल,
टेबलावर कुणीतरी कर्कटकानं कोरलेला बदामसुद्धा.

रक्त, चरबी,
आतड्यातला अर्धा चघळलेला कडबा.
हे आधी पाचक बाहेर सोडतात, मग विरघळलेलं पितात.
कुणी हवेत, कुणी हवा न पोचणाऱ्या गाळात,
कुणी दुसऱ्याच्या उष्ट्यावर,
त्याच्या उष्ट्यावर आणखी कुणी.
विटाळ नावाची गोष्ट
यांच्यापर्यंत पोचायचीच राहिली.
खूर शेवटी. खुराला वेळ लागतो.

सरांनी तक्ता दिला भरायला.
कुळ: लिहिलं.
प्रजाती: बॅसिलस.
जाती:
इथं पेन थांबलं.
तिसऱ्या चाचणीतही जुळत नव्हतं हे खरंच,
पण थांबलं ते त्यामुळं नाही.
सर म्हणाले, "रकाना कोरा चालत नाही, सुजाता."
मी म्हटलं, "बघते."

बुजवलेल्या जुन्या खड्ड्यावर
गंगाफळाचा वेल पसरलाय, कुणी लावला नाही.
चाचांनी एक फळ तोडून दिलं,
डिकीत मावेना, मांडीत घेऊन आले.

आईनं चिरलं. आत केशरी, ओलं.
"कुठलं गं?"
"कॉलेजच्या बाजूचं."
तिनं फोड चाखली, काही बोलली नाही,
बिया तेवढ्या वेगळ्या काढून
राखेत घोळल्या आणि
सुपात उन्हाला ठेवल्या.